डी ड्राइव्हचा धुरा

मालेगाव (जि. वाशिम),
हळद शिजवायचे दिवस

प्रिय राखी,

तू फोन उचलत नाहीस, आणि आता तर तो लागतही नाही, म्हणून हे पत्र. शेजारच्या गोमतीबाईंची लेक तुमच्या कामरगावात दिलेली आहे. त्या उद्या तिच्याकडे चालल्यात, त्यांच्या पिशवीत जवसाच्या चटणीच्या डब्याखाली हे कागद घालून देते. चटणी खा आणि पत्र वाच. फाडायचं असेल तर वाचून फाड, आधी नको. आणि हसू नकोस, मी पुस्तकी लिहितेय. कागद पुढ्यात आला की शाळेतल्या मराठीच्या बाई आठवतात आणि हात आपोआप सरळ चालायला लागतो. तोंडाने बोलायचं असतं तर मले-तुले करून दोन मिनिटांत भांडून मोकळी झाले असते. तुझ्याशी भांडायला मला कधी मुहूर्त लागला होता?

जीव थाऱ्यावर नाही बघ. अंगणात कढईत हळद शिजतेय, वाफ पार घरात शिरलीय, आणि मी एक ओळ लिहिते नि उठते, एक ओळ लिहिते नि उठते. सकाळी वरणात मीठ समजून साखर घातली. सासूबाई म्हणाल्या, काय झालं वं तुले, झपाटली का? आणि आदर्शच्या बाबांनी ते गोड वरण मुकाट्यानं खाल्लं. एरवी चिमूटभर मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस! यावरूनच समज आपल्या घरात काय चाललंय ते.

त्या दिवशी मी तुला फोन केला, तो वाईट बातमी सांगायला नाही, आनंदाने केला होता. हे तुला पटणार नाही, तरी ऐक. मी ओरडूनच सांगितलं, राखी, कॉम्प्युटरातला धुरा मोडला वं, मधला बांधच गेला! आता सी नाही न डी नाही, सारं एक झालं! तू पलीकडून हळूच विचारलंस, ताई, माझं डी? मी म्हटलं, त्यातलं सगळं इकडंच आलं असेल ना, थांब, पाहते. मोबाइल कानाला तसाच धरून मी माउस फिरवला. या कप्प्यात पाहिलं, त्या कप्प्यात पाहिलं. तुझं काही म्हणता काही नव्हतं. मी गप्प झाले आणि तू माझं गप्प होणं ऐकलंस. मग राजूभाऊजींनी फोन घेतला. चांगलं वावर घेतलं, घर घेतलं, आता बायकोचं कॉम्प्युटरमधलंही पुसून टाकलं, असं म्हणाले. मला उलट बोलता आलं नाही. मला, राखी! ज्या बाईच्या तोंडाला लागायला बाजारातले अडतेसुद्धा कचरतात, तिला.

आता पहिल्यापासून सांगते. मध्ये काही गाळलं तर तुला वाटेल ज्योत्स्नाताई मुद्दाम गाळते.

तो कॉम्प्युटर घरात आला तो दिवस आठवतो का? बसस्टँडजवळचा टायपिंग क्लास बंद झाला आणि दोघे भाऊ मोटारसायकलवर तो डब्बा गोधडीत गुंडाळून घेऊन आले. मागे राजूभाऊजी त्याला पोटाशी धरून बसलेले, जसं काही लेकरू. चालू केला तर त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुरघुरायचा. सासूबाई म्हणायच्या, याले तेल द्या. तू माहेराहून कॉम्प्युटर शिकून आलेली, म्हणून मला शिकवायला बसलीस. माझ्या हातावर हात ठेवून माउस फिरवायचीस आणि मी उगाच चुकायचे, कारण तू चिडलीस की फार गोड दिसायचीस. आणि तुझा तो मोबाइल! ऊठसूट फोटो काढायचीस नि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तुझं बोट. मी म्हणायचे, अगं फोटोग्राफरीणबाई, फोटो काढतेस का बोटाचं प्रदर्शन मांडतेस? तू म्हणायचीस, राहू द्या ना ताई, तेवढीच माझी सही.

मग विहिरीवर मोटर कोणी आधी लावायची यावरून दोघा भावांत ते सुरू झालं. सुरू कसं झालं ते दोघांनाही आता सांगता येणार नाही. थांब, हळदीला उकळी आली वाटतं, पाहून येते.

आले. तर वाटणीचा दिवस. भांडी झाली, बकऱ्या झाल्या, वावर झालं, आणि शेवटी राहिला कॉम्प्युटर. त्याला कापणार कसा? तेव्हा राजूभाऊजी म्हणाले, याचे त दोन भाग हायेतच आधीपासून, सी तुमचं न डी आमचं, याले मोजणीवाला लागत नाही न तलाठी लागत नाही. त्या अख्ख्या दिवसात सगळे हसले असतील तर तेवढंच. आणि मग उकंडरावमामांनी तोंड उघडलं. वाटणीला पंच म्हणून बोलावलेला माणूस, त्यानं शांतपणे पान खावं नि जावं की नाही? तर म्हणाले, शेवटी सारं आदर्शचंच होनार हाये, मंग मंधात धुरा कायले टाकून राह्यले?

तू तेव्हा दारात उभी होतीस. मी आत चहा गाळत होते. तू तुमच्या खोलीत गेलीस आणि कडी लावलीस. बाहेर येऊन म्हणालीस, धुरा पाहिजे, आणि वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिजे. लोकांना वाटलं राखी हट्टी आहे. मला माहीत होतं कुठे लागलं ते. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या, दवाखाने पालथे घातलेल्या, देवाला बोलून बोलून थकलेल्या बाईसमोर कोणी असं बोलतं? तू कडी लावून बसली होतीस म्हणून तुला ठाऊक नाही. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा दिला, उकंडरावमामांना दिला नाही. कप त्यांच्यासमोर नेला नि तसाच परत आणून गोठ्यात ओतला. ते पाहतच राहिले. आजवर आपल्या घरी चहाला आले नाहीत, बरी ब्याद टळली.

आणि बघ, तो धुरा आपण दोघींनी कसा पाळला! तुम्ही कामरगावला जायच्या आधी खोल्या वेगळ्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण कॉम्प्युटर माझ्या खोलीत असल्यामुळे तू दुपारी यायचीस, मोबाइलची वायर लावायचीस, डी उघडायचीस आणि मी पाठ फिरवून मेथी निवडायचे. एकदाही वळून पाहिलं नाही. दुसऱ्याच्या वावरात पाय टाकायचा नाही, ही आपली रीत. तू जाताना म्हणालीस, येऊन घेऊन जाईन माझं. मी म्हटलं, राहू दे, जागेला काय धाड भरलीय. तू आलीच नाहीस.

इकडे बचत गटाच्या बायकांनी हळदीची पाकिटं करायचं काढलं आणि लेबलं छापायचं काम माझ्या गळ्यात मारलं. लेबल करायला गेले की कॉम्प्युटर म्हणे जागा नाही. सी लाल झालेलं, काठोकाठ. शेजारी तुझं डी निळंशार, अर्ध्याच्या वर रिकामं. आता तूच म्हणशील, टाकायची होती लेबलं डी मध्ये. कशी टाकू? तुझ्या वावरात माझी हळद लावल्यासारखं झालं नसतं का ते?

मग मोबाइलवर तो हिंदी बोलणाऱ्या पोराचा व्हिडिओ सापडला. पार्टिशन डिलीट कैसे करें. पार्टिशन म्हणजे काय, वाटणीच ना? मला तेव्हाच सुचलं, आणि सुचलं तसं अंगात वारं शिरलं बघ. वावरातला धुरा मोडायला दोघे भाऊ तयार नाहीत, त्यांच्या ताठ माना ताठच राहू देत. पण हा आपला धुरा आहे, दोघी जावांचा, हा मोडायला कोणाच्या बापाची परवानगी लागते? मोडावा आणि तुला फोन करावा. म्हणावं, एक तरी मोडला वं राखी, आता बाकीचा पाहू.

तो पोरगा फार बडबड्या. आधी स्वतःचं नाव, गाव, मेरे चॅनल को हे करा नि ते करा. तुला माहीत आहे, मला धीर कुठला? मी व्हिडिओ पुढे ढकलला. त्या ढकललेल्या भागातच त्यानं सांगितलं होतं की आधी आपलं सामान दुसरीकडे काढून घ्या. हे मला नंतर कळलं. मी थेट तिथे पोचले जिथे पडद्यावर सी आणि डी शेजारी शेजारी दिसतात, दोन पट्टे, आणि मध्ये बारीक रेघ. अगदी धुराच! मला तर हसूच आलं. डीवर बोट दाबलं तर डिलीट व्हॉल्यूम असं आलं. व्हॉल्यूम म्हणजे आवाज, एवढं मला येतं. म्हटलं, आवाज जाईल तर जाऊ दे, स्पीकर तसाही उंदरानं कुरतडलाय. खाली इंग्रजीत दोन ओळी आल्या, पोरगा म्हणाला घबराना नहीं है, मी घाबरले नाही. पुढे त्यानं सी मोठं करून दाखवलं, मीही केलं. लाल होतं ते निळं झालं. मी लगेच हळदीची लेबलं त्यात टाकली आणि तुला फोन लावला.

आता सांग राखी, माझं काय चुकलं? म्हणजे चुकलं ते दिसतंयच. पण आपण शेतकऱ्याच्या घरातल्या बाया. धुरा मोडला म्हणजे काय होतं? फाळ फिरतो, मधली माती दोन्हीकडे पसरते, झालं. या बाजूची तूर या बाजूला, त्या बाजूचा हरभरा त्या बाजूला. जातं काय, तर धुऱ्यावरचं गवत! धुऱ्यासोबत अख्खं वावरच नाहीसं होतं, असं कोणाच्या आज्याने तरी पाहिलंय का? करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

त्यानंतरचे दिवस सांगायला नकोत. डब्ब्याची वायर काढून टाकली. त्याच्याकडे पाहवेना म्हणून वर साडी झाकली, तर सासूबाई म्हणाल्या, मढं झाकल्यासारखं काहून झाकलं? साडी काढली. काढली तर पुन्हा पाहवेना. दिवसातून कितीदा तुझा नंबर लावला देव जाणे. मेथी निवडायला बसले की पाने टाकून देते आणि काड्या ठेवते. आदर्शनं विचारलं, आई, काऊचं सगळं गेलं का? अजूनही काऊच म्हणतो तुला. काकू म्हणता येत नव्हतं तेव्हा लागलेली सवय, आता मिसरूड फुटायला आली तरी गेली नाही. मी त्याला उगाच रागावले. नंतर पोळीवर जास्तीचं तूप घातलं.

शेवटी आदर्शचे बाबाच उठले. डब्बा त्याच जुन्या गोधडीत गुंडाळला, मला मागे बसवलं आणि वाशिमला काढलं. या खेपेला त्याला पोटाशी धरून मी बसले होते. तिथे हेमसिंग म्हणून दुरुस्तीवाला आहे, तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे निम्मं बोलणं आपणच ओळखायचं. मी त्याला धुऱ्याची सगळी कहाणी सांगितली. तो इतका हसला की खर्रा थुंकायला बाहेर जावं लागलं. परत आला नि माझ्याच भाषेत बोलला. म्हणे, वहिनी, धुरा गेला तरी माती तिथंच राह्यते, वरून काही पेरलं नसन त बरंच सापडते. पेरलं का काही? मी मान खाली घातली. हळदीची लेबलं पेरली होती ना.

त्यानं डब्बा त्याच्या मशीनला जोडला आणि विचारलं, काय शोधू? फोटो का हिशोब का गाणी? मला सांगता येईना. इतकी वर्षं माझ्या खोलीत तू बसत होतीस आणि तुझ्या डी मध्ये काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. मनात म्हणायचे, असतील तिच्या माहेरच्या गोष्टी, असेल काही नवराबायकोचं. खरं सांगू, कधीकधी पाठ फिरवून मेथी निवडताना वाईटही वाटायचं, की राखीकडे आता असं काही आहे जे मला दाखवायचं नाही. हेमसिंग म्हणाला, जे येईल ते पाहू, वेळ लागन, बसा. आदर्शचे बाबा चहा प्यायला गेले, मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले.

आणि राखी, एकेक फोटो यायला लागला. नावं पुसलेली, नुसते आकडे. काही अर्धे राखाडी झालेले, तिथे माझी लेबलं बसली असणार. पण आले. आदर्श टोपल्यात बसलेला. आदर्श उलटा सदरा घातलेला. आदर्श कांद्याच्या पातीत लपलेला, फक्त ढुंगण बाहेर. त्याचा पडलेला दात तुझ्या तळहातावर. आदर्श तापात झोपलेला, आणि त्याच्या उशाशी मी, बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं! कधी काढलास गं हा? मग सासूबाई बकरीशी भांडताना. मग मी मेथी निवडताना, पाठमोरी. तशी कितीतरी वेळा, वेगवेगळ्या साड्यांत, माझी पाठ. आणि दोघे भाऊ विहिरीच्या काठावर एकाच ताटात जेवताना. आदर्शचे बाबा चहा पिऊन परत आले ते नेमके त्या फोटोवर. उभेच राहिले. मग म्हणाले, डोळ्यात धूळ गेली. हेमसिंगच्या दुकानात फरशी आहे, धूळ कुठली?

तुझ्या माहेरचा एक फोटो नाही. तुमचा दोघांचा लग्नातलाही नाही. तुझा एकटीचा तर नाहीच. मी किती वाट पाहिली, आता येईल, आता येईल. तुझं म्हणून त्यात एवढंच, कोपऱ्यात ते बोट. आम्ही तिकडे तुझ्या वाटणीत काय असेल काय असेल करत होतो आणि तुझ्या वाटणीत आम्हीच होतो. मी त्या खुर्चीवर मोठ्याने रडले, गिऱ्हाइकं बघत होती तरी. आणि आता लिहितानाही, हे बघ, शाई फुटली.

आता पुस्तकी नाही जमत वं, बोलतो तसंच लिहितो. ज्याच्यासाठी हे पत्र लिहून राह्यलो ते आईक. हेमसिंगनं सापडले तेवढे फोटो वेगळे काढून ठेवले, त्याच्यावर म्या काहीच पेरलं नाही, पेरू देनार बी नाही. तो डब्बा आता साफ करून नवीन टाकनार हाये सारं. त्यानं मले इचारलं, वहिनी, पयल्यासारखे दोन भाग पाडू का एकच ठेवू? आदर्शचे बाबा माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. म्या सांगतलं, थांब बा, जिचं हाये तिले इचारतो. त मी तुले इचारतो, राखी. दोन का एक? तू दोन म्हनशीन त दोन, माहा राग नाही. पन उत्तर फोनवर देऊ नको न गोमतीबाईजवळ बी देऊ नको. चटनीचा डब्बा रिकामा करून तूच घेऊन ये, भाऊजीले बी आन. विहिरीवरचा तो फोटो त्याईले पाहू दे. न आली की सीधी अंगनात बसजो, हळदीच्या ढिगाजवळ. आदर्श मोबाइल धरून उभा राहीन. या खेपेले बोट त्याचं येऊ दे.

तुझी वाट पाहणारी, पाठ न फिरवणारी,
तुझीच,
ज्योत्स्ना